घोंगडीवरचे चार दिवस

आमच्या घरातली सुधारणा चहापासून सुरू झाली.

थंडीचे दिवस होते. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि ज्याला त्याला काहीतरी नवं करून दाखवायची घाई झाली होती. मी मागच्या पडवीत घोंगडीवर बसले होते, कारण त्या सकाळी मला कावळा शिवला होता. म्हणजे आता चार दिवस चूल नाही, माठ नाही, देव नाही आणि कोणाला शिवणं नाही. मांडीवर अपूर्णांकांची उदाहरणं होती. इतक्यात आमचे हिंमतराव पडवीच्या दारात येऊन उभे राहिले. नांदुऱ्याला हायस्कुलात ते मराठी आणि इतिहास शिकवतात. गळ्याला मफलर होता, कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ होतं आणि डोळे धुराने लाल झाले होते.

"सत्यभामा," ते म्हणाले. बायकोला नावाने हाक मारायची, ही त्यांची त्याआधीची सुधारणा. "आजपासून आपल्या घरात ही शिवाशिव बंद. विज्ञानाच्या युगात एका माणसाने दुसऱ्या माणसाला चार दिवस वेगळं बसवायचं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. ऊठ. तू मोकळी आहेस."

भाषण द्यायचं असलं की ते शुद्ध बोलतात, आणि चिडले की वऱ्हाडीवर येतात. त्यामुळे पुढचं वाक्य ऐकताच मला सगळा उलगडा झाला.

"चाल, आत ये. अन् आल्याबरोबर चहा ठेव. पोट्ट्यायचे डबे राह्यले, अन् तवा तापून राह्यला तिकडे."

मी मोकळी झाले आणि चुलीपुढे जाऊन बसले.

तुम्ही म्हणाल, बाई, नवरा इतका चांगल्या विचारांचा आणि तू तोंड वाकडं काय करतेस? नांदुऱ्यातल्या निम्म्या बायका मला हेच म्हणाल्या. म्हणून आधी बाकीच्या दिवसांचं सांगते.

स्टेशनाच्या गावात घर असणं ही काय शिक्षा आहे, हे ज्याचं तिथे घर आहे त्यालाच कळतं. आमची शेती मोताळ्याकडे. तिकडचा कोणीही मुंबईला नाहीतर नागपूरला निघाला की गाडीच्या वेळेपर्यंत आमच्याकडे टेकायचा. कोणाची गाडी पहाटेची, कोणाची दुपारची. कोणाची चुकायची, मग तो मुक्कामालाच. मी कापसाच्या जिनिंग मिलचा भोंगा व्हायच्या आत उठून पऱ्हाट्या पेटवायची. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर राहिलेली वाळकी झाडं. भडकन पेटतात आणि भसकन विझतात, म्हणून चुलीपुढून हलायची सोय नाही. भाकरी, वरण, पाणी, धुणं, ज्वारीची निवडटिपण, दोन पोरांच्या शेंबडापासून शाळेपर्यंत सगळं, आणि त्यात हिंमतरावांचे मित्र, देशाच्या भवितव्यावर चर्चा करायला येणारे. देशाच्या भवितव्याला तासाला एकदा चहा लागतो.

आणि महिन्यातून चार दिवस यातलं काहीच नसायचं. मी घोंगडीवर बसायची. लोकरीला विटाळ नसतो, म्हणून घोंगडी. माझी थाळी वेगळी, लोटा वेगळा. भाकर वरून वाढली जायची. पोरं लांबूनच "आई" म्हणायची आणि आजीकडे पळायची. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या चार दिवसांत मला कोणी "जरा ते देतेस का" असं म्हणू शकत नव्हतं, कारण मी दिलेलं त्यांना घेता येत नव्हतं. मला तो अपमान कधी वाटलाच नाही असं नाही. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मी रडलेही होते. पण पुढे पुढे मी त्या चार दिवसांची वाट बघायला लागले, माहेरच्या बोलावण्याची बघतात तशी.

त्या घोंगडीवरच माझा अभ्यास सुरू झाला. लग्नाच्या वेळी मी सहावी पास होते. आमच्या मुलीच्या वर्गाच्या शिक्षिका पंचफुलाबाई एकदा मुलीला ताप आला म्हणून घरापर्यंत सोडायला आल्या होत्या. त्यांनी मला वर्तमानपत्र वाचताना पाहिलं आणि म्हणाल्या, "सातवीची फायनल काऊन देत नाही तुम्ही? शाळेले बाया मास्तर पाह्यजेत. मी शिकवते तुम्हाले." त्या काळी फायनल झालेल्या बाईला प्राथमिक शाळेत नोकरी मिळायची. मास्तरीण! पगार, पिशवी, छत्री आणि स्वतःच्या नावाची सही. मी हिंमतरावांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "अवश्य दे. मी कधी तुला अडवलंय?" माझा फॉर्म त्यांनीच भरला.

पंचफुलाबाई बौद्ध. त्यांचे आईवडील आमच्याच बाजूच्या एका खेड्यात मजुरी करत. सासूबाई, म्हणजे आमच्या तानुबाई, जुन्या वळणाच्या. एरवी पंचफुलाबाई आल्या की सासूबाई ओट्यावरच त्यांची बोळवण करायच्या. पण माझे चार दिवस असले की त्यांची काही हरकत नसायची. "तूही बाहेरची, तेही बाहेरची. बसा दोघी मांगच्या पडवीत," असा त्यांचा निवाडा होता. अभ्यासाच्या पुस्तकांना त्यांनी एकदा हात जोडून विचारपूर्वक मोकळीक दिली होती. पोथीला शिवायचं नाही, पण भूगोलात देव नसतो, असं त्यांचं मत पडलं होतं. अशा रीतीने माझ्या विटाळामुळे माझं शिक्षण चाललं होतं. कोणाला खरं वाटणार नाही, पण चाललं होतं.

आता हिंमतरावांना सुधारणा नेमकी त्याच थंडीत का सुचली, तेही ऐका. आधी माझ्या चार दिवसांत सासूबाई स्वयंपाक करायच्या. दिवाळीनंतर त्यांच्या हातांचे सांधे धरले, बोटं सुजली, भाकर थापता येईना. घरात दुसरं बाईमाणूस नाही. मग चुलीपुढे बसायची पाळी हिंमतरावांवर आली. पहिल्या महिन्यात ते हसत होते. "पुरुषांनाही हे यायला हवं," असं मित्रांना सांगत होते. दुसऱ्या महिन्यात भाकरी फाटल्या, वरणात मीठ दोनदा पडलं, आणि जळगावला निघालेले चुलते पुंजाजी उपाशीच गाडीत बसले. तिसऱ्या महिन्यात त्यांना स्त्रियांवर होणारा अन्याय दिसला. इतकी वर्षं तो अन्याय चालू होता, तेव्हा भाकर आयती मिळत होती, म्हणून दिसला नसेल.

संक्रांतीला महिला मंडळाच्या हळदीकुंकवात त्यांचं भाषण ठेवलं होतं. मी मागे बायकांना तिळगूळ आणि चहा देत होते. समोरून माझाच नवरा बोलत होता. "माझ्या घरी मी ही रूढी मोडली आहे. माझी पत्नी आज त्या कोपऱ्यातून बाहेर आली आहे. इतकंच नव्हे, आमच्या घरी पंचफुलाबाई येतात, बसतात, शिकवतात. बदल असा घरापासून होतो." टाळ्या पडल्या. सगळ्या बायका मान वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या हातात चहाची किटली होती. अशा वेळी तोंड कसं ठेवायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

अडत्याची बायको अन्नपूर्णाबाई माझ्या शेजारी होती. तिच्या घरात दोन वेळा मिळून वीस पानं पडतात. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाई, मंग आता तुमचं कसं हो?"

सबंध सभेत एकट्या तिलाच कळलं होतं. तिचे चार दिवस अजून शाबूत होते.

त्यानंतरचा महिना कसा गेला ते विचारू नका. कंबर धरलेली, पोटात कळा, आणि मी मोकळी असल्यामुळे चुलीपुढे. सासूबाईंनी ते चार दिवस दूध-लाह्यांवर काढले. पुस्तकं पडवीच्या कोनाड्यात तशीच. पंचफुलाबाई दोनदा आल्या आणि ओट्यावर उभ्या राहून परत गेल्या. मी पोळपाट हातात घेऊन दारात गेले तेव्हा त्या रस्त्याच्या वळणावर पोचल्या होत्या. मला इतका संताप आला की मी पोळपाट आपटला. त्याने पोळपाटाला चीर पडली, बाकी काही झालं नाही.

मग मी सरळ बोलायचं ठरवलं. हिंमतराव जेवून वर्तमानपत्र घेऊन बसले होते.

"मले रोज दोन घंटे अभ्यासाले पाह्यजेत," मी म्हणाले.

"घे ना," ते म्हणाले. "कोण नको म्हणतंय?"

"मंग त्या दोन घंट्यात चूल कोण पाह्यन?"

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि मनापासून विचार केला. तेवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. विचार करून म्हणाले, "तू वेळेचं नियोजन कर. कामं आटोपली की वेळच वेळ असतो. मी तुला पूर्ण स्वातंत्र्य दिलंय, सत्यभामा. आता त्याचा उपयोग करणं तुझ्या हातात आहे."

माझ्या हातात त्या वेळी त्यांचं उष्टं ताट होतं. दुसरा एखादा नवरा "नाही" म्हणाला असता तर मी भांडले असते, रुसले असते, भावाला बोलावलं असतं. पण जो माणूस सगळ्यालाच हो म्हणतो आणि जागचा हलत नाही, त्याच्याशी भांडायचं कसं? भिंतीवर डोकं आपटलं तर निदान लागतं तरी. इथे तेही नाही.

हे सगळं सासूबाई बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मी अंगणात ज्वारी पाखडत होते आणि त्या उन्हात हात शेकत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "मले कावळा शिवनं बंद झालं ना, तवा मी रडली होती."

मी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, म्हातारपण आलं म्हणून रडल्या असतील. तसं म्हणालेही.

"म्हातारपणाचं काय रडाव लागते?" त्या म्हणाल्या. "सुटी गेली म्हणून रडली. तुह्या सासऱ्याच्या टायमाले घरात बारा माणसं होती. पंधराव्या वर्षी मी या घरात आली. तवापासून चार दिवस काय भेटले असन तेच. पाय लांब करून बसाव, आभाळाकडे पाहाव. कोणी बोलत नव्हतं, तं कोणी बोलवतही नव्हतं. मंग ते बंद झालं. त्या दिवसापासून मी रोज पवित्र आहो, अन् रोज कामात आहो."

जन्मभर ज्या बाईने माझ्या पदराचा वारा लागला तरी देव धुतले, ती हे बोलत होती. मला एकदम तिचा राग आला, आणि तितकीच तिची कीवही आली. इतकी वर्षं दोघी एका घरात होतो आणि ही गोष्ट तिने मला हात निकामी झाल्यावर सांगितली.

"तू चिंता नको करू," त्या म्हणाल्या. "पोरगं माहं आहे. मी पाह्यते."

पुढच्या वेळी मला कावळा शिवला तेव्हा मी सुधारणेप्रमाणे चुलीपुढेच होते. मी ताट वाढलं. सासूबाईंनी ते सरकवून दिलं. "मी विटाळशीच्या हातचं खात नाही," एवढंच म्हणाल्या. हिंमतरावांनी त्यांना विज्ञान सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग शरीरशास्त्र सांगितलं, तेही ऐकून घेतलं. दुपार झाली, तरी पाण्याच्या घोटावर होत्या. शेजारच्या बायका "तानुबाई जेवल्या नाहीत का?" म्हणून डोकवायला लागल्या. ज्याचं आईवरचं प्रेम गावाला माहीत आहे, अशा मास्तराला हे झेपणारं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी बाह्या वर केल्या.

"आईच्या समाधानासाठी," ते मला म्हणाले. "माझं मत बदललेलं नाही."

"बदलू नका," मी म्हणाले आणि घोंगडी उचलली.

तर असे माझे चार दिवस परत आले. पंचफुलाबाई आल्या, त्रैराशिक झालं, व्यवहारी अपूर्णांक झाले. पण परीक्षा एप्रिलमध्ये, आणि माझा हिशेब असा येत होता की त्याआधी पुढची पाळी मधल्या दिवसांत येऊन जाणार. परीक्षेच्या तोंडावर, जेव्हा खरी गरज, तेव्हा मी पवित्र! गणितात काळ-काम-वेग आणि हौदाची उदाहरणं राहिली होती. ती आल्याशिवाय पास होणं शक्य नव्हतं, आणि या वर्षी नापास झाले तर पुन्हा कोण फॉर्म भरणार होतं? हिंमतरावांनी भरला असता म्हणा. त्यांनी कधी अडवलंय?

तोडगा सासूबाईंनीच काढला. "मंग बस बाहेर," त्या म्हणाल्या.

"पण मले तं..."

"कोण पाह्यते? कावळ्याले विचारते का कोणी?"

परीक्षेआधीच्या रविवारी सकाळी मी तोंड पाडून "कावळा शिवला" असं जाहीर केलं आणि पडवीत जाऊन बसले. हिंमतराव बोटं मोजल्यासारखं काहीतरी करायला लागले. "आत्ताच तर..." असं म्हणून अडखळले. सासूबाई म्हणाल्या, "बायकाइच्या गोष्टीत माणसानं बोलू नये." चारशे बायकांपुढे या विषयावर तासभर बोललेला माणूस मुकाट्याने चुलीकडे गेला. मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

थोड्या वेळाने पंचफुलाबाई मागच्या दाराने आल्या. मी अजून हसतच होते. मी त्यांना सगळा डाव सांगितला. या वेळी खोटंच बसले आहे, मास्तरांना पत्ता नाही, आतून पिठाचा हात कसा आपटतोय ऐका. मला वाटलं त्याही हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं.

"बाई, एक बोलू? राग नका मानू."

"बोला ना."

"तुम्ही या घोंगडीवर मजेनं बसता. पाचव्या दिवशी न्हाता अन् आत जाता. माही माय जलमभर लोकाइच्या दाराबाहेर बसली. तिच्या हातचं कोणी घेतलं नाही, पण तिले सुटी नाही भेटली कधी. लाकडं तिनंच फोडली, अंगण तिनंच झाडलं. बाहेर बसण्यात सुटी असते हे मले तुमच्या घरी येऊन समजलं."

त्यांनी पुस्तक घोंगडीवर ठेवलं.

"अन् तुमच्या मास्तरनं भाषणात माहं नाव घेतलं म्हणे. टाळ्या पडल्या. तुमचं माजघर कोणत्या बाजूले आहे, तेही मले अजून मालूम नाही."

मला आधी रागच आला. एवढ्या खटपटीने मिळवलेला दिवस, आणि त्यावरही या बाईने पाणी ओतलं. राग काढायला जागा सापडेना, कारण ती एक अक्षर खोटं बोलली नव्हती. ज्या विटाळाने तिच्या आईचा जन्म नासवला, तोच मी खोटा खोटा अंगावर ओढून घेत होते आणि वर तिच्याकडून कौतुकाची अपेक्षा करत होते. का? तर दोन तास गणितं करायला. धडधाकट, शहाण्यासुरत्या बाईला दोन तास मिळवायला विटाळशी व्हावं लागतं, तेही खोटं! या गोष्टीचा संताप मला इतके दिवस कसा आला नव्हता, याचाच मला संताप आला.

"मंग सुटी मागाव कशी?" मी विचारलं.

"ते मले काय विचारता?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "मी तं घरी सांगून देते, आज माह्यानं होत नाही. कधी भांडण होते, कधी नाही होत."

मी उठले आणि आत गेले.

हिंमतराव चुलीपुढे बसले होते. कपाळाला राख, परातीत पीठ, तव्यावर भाकर. सासूबाई भिंतीला टेकून, सुजलेले हात मांडीवर ठेवून त्यांना सूचना देत होत्या. मी सरळ माठाकडे गेले आणि लोटा आत बुडवला.

"अवो, शिवू नको!" हिंमतराव ओरडले. "काय करून राह्यली? मी भाकर थापून राह्यलो इथं!"

ओरडून झाल्यावर त्यांचं त्यांना कळलं ते काय बोलले. त्यांनी मान खाली घातली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले, कारण डाव मोडला हे त्यांना माझ्याकडे बघूनच समजलं होतं.

"शिवलं तरी काही होत नाही," मी म्हणाले. "मले कावळा शिवलाच नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी कधी विसरणार नाही. रागावले नाहीत, फसवलंस म्हणाले नाहीत. हात झटकत उठलेच.

"मंग सांगाव लागत नाही का? ये, ये, बस. माहे डोळे गेले धुरानं."

"मी नाही बसत."

"काऊन?"

"परीक्षा आहे."

ते सरळ उभे राहिले आणि शुद्ध बोलायला लागले. "हे बघ, परीक्षेबद्दल माझी भूमिका पहिल्यापासून स्पष्ट आहे. मी तुला कधी अडवलंय?"

"नाही अडवलं. दोन टाईम भाकर मागितली फक्त."

"पण तू आजारी नाहीस. बाहेरची नाहीस. मग कोणत्या कारणासाठी मी..." त्यांच्या सगळ्या वाचनात या प्रसंगाला लागू पडेल असं काही नव्हतं.

"कारण काहीच नाही," मी म्हणाले. "मी चांगली धडधाकट आहो, पवित्र आहो, घरातच आहो. मले अभ्यास करायचा आहे, म्हणून भाकरी तुम्ही करा. आजही अन् परीक्षा होईपर्यंतही. पुढचं पुढे बोलू."

सासूबाईंनी डोळे उघडले. "हातातलं कारण घालवलं तू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "आता पुढच्या टायमाले काय सांगशीन?"

"हेच सांगीन, आत्याबाई."

मग मी मागच्या दाराकडे वळून हाक मारली, "पंचफुलाबाई, इथं उजेड चांगला आहे. आत या."

पंचफुलाबाईंनी चपला काढल्या आणि आत आल्या. माजघर बघितलं, पण थांबून नव्हे. मी सतरंजी टाकली, आम्ही दोघी बसलो. सासूबाईंनी स्वतःचा पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. उठून मात्र गेल्या नाहीत. पंचफुलाबाईंनी तो तांब्या पाहिला, मीही पाहिला. मला चीड आली. पण त्या दिवशी मी एक भांडण चुलीपाशी उभं करून आले होते, ते निस्तरल्याशिवाय दुसरं हातात घ्यायची माझी ताकद नव्हती. ते मी पुढे घेतलं, पण ती वेगळी गोष्ट आहे.

"एक हौद दोन नळांनी भरतो," पंचफुलाबाई वाचायला लागल्या.

आणि तव्यावरची भाकर जळायला लागली.

आधी बारीक वास आला, मग धूर. हिंमतराव उभेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या पाठीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माझा हात आपोआप उठायला लागला. भाकर जळत असताना बसून राहायचं, हे माझ्या अंगाला ठाऊकच नव्हतं. दहा वर्षं जी बाई झोपेतही तव्याच्या वासाने उठते, तिला ते किती जड जातं हे पुरुषाला सांगून कळणार नाही. मी हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसले. बाहेर मालगाडी गेली, तिचे सगळे डबे जाईपर्यंत कोणीच हललं नाही. धूर पंचफुलाबाईंच्या डोळ्यांत गेला, पण त्यांनीही पुस्तकातून मान वर केली नाही.

"हिंमत," सासूबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "भाकर कोण उलटीन?"

हिंमतराव खाली बसले. चटका बसला तसं बोट तोंडात घातलं, पुटपुटले, आणि त्यांनी भाकर उलटली. एका बाजूने ती पार काळी झाली होती.

"पुन्हा वाचा," मी पंचफुलाबाईंना म्हणाले. "माह्या ध्यानात नाही आलं."